अक्काच्या गोधडीची पाठ

अक्का कोणाच्याही घरी गेली की बसण्याआधी तिथली गोधडी उलटी करून पाहत असे. घर लग्नाचे असो वा सुतकाचे, यजमानाने चहाचे विचारलेले असो वा नसो, तिचा हात खाटेवरच्या घडीकडे जाई, कोपरा उचलला जाई आणि गोधडीची पाठ उजेडात येई. मग ती खालचा ओठ किंचित पुढे काढी. त्या ओठाची भीती भडगावातल्या आमच्या गल्लीत जेवढी होती तेवढी तलाठ्याचीही नव्हती. "वरनं तोंड बठ्ठासनं चांगलं ऱ्हास," ती म्हणे. "पाठ देख." वरचे अंग सगळ्यांचेच चांगले असते; तिथे टाके सारखे दिसावेत म्हणून कोणीही काळजी घेते, गाठी, सुटलेले टाके, आडवे गेलेले दोरे हे सारे मागे दडवले जाते. अक्काच्या गोधडीला मागे असे काही नसे. तिची पाठ आणि तिचे तोंड यांत मला आठ वर्षांत फरक सापडला नाही, आणि मी फरक शोधणारा माणूस आहे.

पाचोऱ्याच्या एका साखरपुड्यात तिने हाच उद्योग केला. मुलीकडच्यांनी लग्नात रुखवतात ठेवायची एक गोधडी आधीच मांडली होती आणि मुलीची आई ती कौतुकाने सगळ्यांना दाखवत होती. अक्काने कोपरा उचलला, पाठ पाहिली आणि भर मांडवात म्हणाली, "हाई गोधडी नही, बाई, हाई चादरीसनं भांडण शे." या प्रसंगाने ते लग्न मोडले असे आमच्या गल्लीत अजूनही सांगितले जाते. ते खोटे आहे. लग्न झाले आणि संसार नीट चालला आहे. गोधडी तेवढी रुखवतातून काढली गेली, आणि ती काढण्याच्याच लायकीची होती. मीही पाहिली होती.

मला हे लिहावे लागत आहे, कारण गेल्या महिन्यात जळगावात गोधड्यांचे एक प्रदर्शन भरले आणि त्यात अक्काची शेवटची गोधडी भिंतीवर टांगली गेली. गोधडी टांगायची असते ती उन्हात, वाळण्यासाठी. पण तेही सोडून देऊ. तिच्या खाली एक छापील पाटी होती. तीवर लिहिले होते: 'वयोमानाने नजर मंदावली, हात थरथरू लागले, तरी अक्कांची माया थांबली नाही. मधले वाकडे टाके ही त्याच मायेची खूण.'

या पाटीचा समाचार क्रमाने घेतो. अक्काची नजर मंदावली नव्हती; शेवटच्या उन्हाळ्यातही विजेच्या तारेवर बसलेला पक्षी होला आहे की पारवा, हे ती ओट्यावरून सांगे. हात थरथरत नव्हते. ते आखडले होते, आणि थरथरणे व आखडणे यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी हस्तकलेवर पाट्या लिहू नयेत. मायेविषयी पुढे बोलेन. राहिले मधले वाकडे टाके. ते वाकडे आहेत, हे त्या पाटीतले एकमेव सत्य.

पाटीमागची अक्कल अक्काच्या पुतण्याची. गोधडी त्यानेच प्रदर्शनाला दिली होती. हा गृहस्थ जळगावात राहतो आणि दिवाळीला एकदा भडगावी येत असे. व्यासपीठावर तो सफेद झब्बा घालून उभा राहिला आणि म्हणाला, "आमची अक्का म्हणजे मायेचा सागर. ही शेवटची गोधडी तिने थकल्या हातांनी आमच्या नातवासाठी शिवली." सागर! उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रात जेवढे पाणी असते तेवढीही माया अक्काने कधी उघड्यावर ठेवली नाही. आणि नातवासाठी? ती गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. पाळण्यातल्या मुलासाठी दुपटे शिवतात. सहा फुटी गोधडी शिवत नाहीत.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मग त्या वाकड्या टाक्यांच्या सौंदर्यावर बरेच काही सांगितले. यंत्राला जे जमत नाही ते थकलेल्या हाताला जमते, चूक हीच खरी कला, वगैरे. सभागृहात लोक माना डोलावत होते. मला ते सहन झाले नाही. मी उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हे टाके अक्काचे नाहीत."

बाई भल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "मग कोणाचे आहेत, काका?"

आणि मी खाली बसलो.

पुतण्याने ध्वनिक्षेपक हाती घेतला. "नाना आमचे जुने शेजारी. अक्का गेल्यापासून जरा एकटे पडले आहेत." लोकांनी वळून माझ्याकडे कणवेने पाहिले. मला आयुष्यात वरिष्ठांनी, कंत्राटदारांनी आणि सख्ख्या भावाने शिव्या दिल्या आहेत. कणव दाखवण्याची हिंमत कोणी केली नव्हती. कोणीतरी माझ्या हातात चहाचा कागदी कप दिला. मी तो प्यालो, हेही कबूल करतो.

आता जे तिथे बोललो नाही ते सुरुवातीपासून सांगतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धुळ्याच्या कचेरीत उतरत्या टेबलावर वाकून मी हयातभर धरणांचे आणि पाटचाऱ्यांचे नकाशे काढले. सरळ रेषा हा माझा धंदा होता आणि माझ्या रेषेला कोणी बोट लावलेले नाही. निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, भडगावी वडिलांच्या घरी राहायला आलो तेव्हा भिंतीला भिंत लागून अक्का होती. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, विधवा, मूलबाळ नसलेली, दोन खोल्यांत एकटी राहणारी. तिच्या ओट्यावर गोधडी अंथरलेली असे आणि ती तिच्या कडेने सरकत सरकत शिवत असे. काठापासून सुरुवात, मग आतल्या बाजूने दुसरी ओळ, मग तिसरी. चौकोनात चौकोन करत मध्याकडे. मधला भाग सर्वांत शेवटी मिटे. त्याला ती गोधडीचे पोट म्हणे.

तिची एकही ओळ आखलेली नव्हती, हे मला पहिल्याच आठवड्यात खटकले. दुपारी ती जेवायला आत गेली असता मी माझी लांब पट्टी आणि निळा खडू आणला आणि उरलेल्या कापडावर समांतर रेषा आखून ठेवल्या. तिचे काम सोपे व्हावे, एवढाच हेतू होता. ती बाहेर आली, रेषांकडे पाहिले आणि ओठ पुढे काढला.

"हाई काय शे, भाऊ? मना गोधडीमा कालवा काढस का?"

"अक्का, ओळी सरळ येतील."

"आते वाकड्या शेत का?"

मी पट्टी लावली. तिच्या आधी शिवलेल्या ओळींमधले अंतर मी मोजले. एकदा, मग दुसऱ्या टोकाला, मग कोपऱ्यात. अंतर सारखे होते. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, दोन टाक्यांतली जागाही तेवढीच. मोजल्याशिवाय मी कोणाला मान देत नाही. मोजल्यावर नाकारतही नाही. अक्काने ओला फडका आणून माझ्या हातात दिला आणि मला माझ्या रेषा पुसायला लावल्या. गल्लीतल्या बायका बघत होत्या. आमची ओळख अशी झाली.

तिच्याकडे लोक जुनी लुगडी घेऊन येत. शिवून देण्याचे ती सहजासहजी कबूल करत नसे, पण कापड पाहून घेण्याचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला होता. सुती कापड ती दोन बोटांत चोळून बघे आणि बाजूला ठेवी. नायलॉनची साडी निघाली की ती आणणाऱ्याच्या अंगावरच येई: "हाई लुगडं नही, पिशवी शे. भाजी आनाले ठेव." माझ्या पत्नीच्या साड्या मी मोठ्या मनाने तिच्यापुढे नेऊन ठेवल्या, तेव्हा सातांपैकी पाच तिने पिशव्या ठरवल्या. दोन सुती साड्यांच्या घड्या मात्र तिने स्वतः घातल्या आणि म्हणाली, "ह्या ठेव. ह्या नेसनारी समजदार व्हती." माझ्या पत्नीविषयी कोणी काढलेला हा सर्वांत कंजूष उद्गार असेल. शोकसभेत झालेल्या भाषणांपैकी मला एकही आठवत नाही.

म्हातारपण ही गोष्ट अक्काने मान्यच केली नाही. गुडघे दुखत होते, पण काठी घेतली नाही. ती बारा महिने छत्री वापरी, आणि तीही मिटलेली. छत्री जमिनीवर टेकत टेकत ती गिरणेच्या बाजूला देवळापर्यंत जाऊन येई. कोणी विचारले तर "उन्ह लागस," असे म्हणे. ढगाळ दिवशीही हेच उत्तर. सकाळी एक कळण्याची भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी उरलेली अर्धी. दिवाळीला पुतण्या सोनपापडीचा डबा घेऊन येई, पाऊण तास बसे, मोबाईलवर तिचा फोटो काढी आणि पाया पडून जाई. डबा ती मला देऊन टाके. "पोरगा गोड शे," ती म्हणे. "सोनपापडीगत. हात लावा का भुगा." जो मनुष्य त्या सभागृहात तिच्या मायेची मोजदाद करत होता त्याच्याविषयी तिचे मत हे असे होते. ते छापून येईल, याची मी व्यवस्था करतो आहे.

शेवटच्या उन्हाळ्यात तिने पेटीतून स्वतःची लुगडी काढली. नऊवारी, सुती, धुवून धुवून मऊ झालेली. ओट्यावर थर रचले, कडा दगडांनी दाबल्या आणि काठापासून सुरुवात केली. मी विचारले, "अक्का, ही कोणासाठी?"

"मनाकरता. का? माले थंडी वाजस नही का?"

मला तेव्हा लक्षात आले की आयुष्यभर शिवलेल्या गोधड्यांपैकी तिच्या घरात एकही नव्हती. ती एका विरलेल्या सरकारी ब्लँकेटमध्ये झोपत असे.

निम्म्याहून अधिक गोधडी झाली होती. मध्ये दीड वीत पोट उघडे होते. एका सकाळी मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो आणि ती शिवत होती. एकाएकी सुईचा आवाज थांबला. जाड कापडातून दोरा ओढला जाताना एक बारीक खरखर होते, ती थांबली. मी पाहिले. अक्का एका टाक्याकडे बघत होती. मला त्यात काही दिसले नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दाण्यापेक्षा तो केसभर लांब होता, बस्स. तिने तो उसवला. पुन्हा घातला. पुन्हा उसवला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याजवळचे बोट जुळत नव्हते. सुई थरांतून दाबण्याची ताकद त्यांत उरली नव्हती. बोटाला बांधलेली चिंधी तिने सोडली, सुई भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये खोचली आणि म्हणाली, "आजपाईन बंद."

यातला एकेक शब्द लक्षात घ्यावा. अक्काचा हात चुकला नाही. चुकण्याआधी तिने तो थांबवला. पुढचा एकही टाका तिने घातला नाही.

चार दिवस गोधडी तशीच अंथरलेली राहिली. दगडांखाली दबून, मध्ये उघडी. मी म्हणालो, गल्लीतल्या कोणा बाईला सांगू. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला. पाचव्या दिवशी तिने कॅलेंडरमधली सुई काढून माझ्यापुढे धरली.

"पोट उघडं शे. अशी कशी घडी करू?"

"मी? अक्का, मी आयुष्यात बटणसुद्धा लावलेले नाही."

"माले माहीत शे."

"मग बायकांना का नको?"

"बायका बोलतस," ती म्हणाली. "तू बोलस नही. तुले लाज वाटस."

तिने माझी निवड माझ्या हातामुळे केली नव्हती. माझ्या अहंकारामुळे केली होती. पाटबंधारे खात्याचा निवृत्त आरेखक म्हातारीच्या घरात बसून गोधडी शिवतो, हे मी मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही, हे तिने अचूक जोखले होते. गोधडी ओट्यावरून आतल्या खोलीत नेली. दार लोटून घेतले. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडलेला असे आणि आत मी मांडी घालून बसलेला, बोटाला चिंधी बांधलेली, आणि समोर अक्का, छत्रीच्या टोकाने चूक दाखवणारी.

मला वाटले होते की रेषा सरळ काढणाऱ्याला टाका सरळ घालणे जड जाणार नाही. हा माझा मूर्खपणा. कागद जिथे ठेवाल तिथे राहतो. थरांचे कापड सुईखाली सरकते, आणि ओळ सरळ राहावी म्हणून मी दोरा ताणून ओढत असे. ताणला की कापड गोळा होई, आणि गोळा झालेल्या कापडावर पुढची ओळ आपोआप वाकडी जाई. "वढू नको," ती ओरडे. "सुई शे, बैल नही." मी सैल सोडला की टाके लोंबत. ओळ कोपऱ्यावर वळली आणि बाहेर गेली की ती म्हणे, "तुना कालवा फुटना." रोज संध्याकाळी ती गोधडीचा कोपरा उचलून पाठ पाही. मागे माझ्या गाठींचे जे काही झालेले असे, ते मी इथे वर्णन करणार नाही. मग एकच शब्द: "उसव." नऊ ओळी बाकी होत्या. त्यांतल्या पहिल्या पाच मी प्रत्येकी तीनदा शिवल्या. माझ्या नोकरीत माझा एकही नकाशा परत आला नव्हता.

शेवटच्या चार ओळी पोटाच्या अगदी मध्यावर होत्या, जागा अरुंद, कोपरे जवळ जवळ. त्या मी एका दुपारी पूर्ण केल्या. काय झाले आहे ते मला कळत होते. अक्काने गोधडी उलटवली आणि आखडलेले बोट त्या ओळींवरून हळूहळू फिरवले. मी कात्री उचलली आणि पहिला टाका कापायला वाकलो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

पुतण्या हजर असता तर त्याने इथेही माया शोधून काढली असती. मी तसे म्हणणार नाही. पावसाळा तोंडावर होता, आणि गोधडीला त्याआधी दोन-तीन कडक उन्हे दाखवावी लागतात. हे कारण पुरेसे आहे. दुसरे असेल तर ते तिने मला सांगितले नाही, आणि तिने न सांगितलेले मी तिच्या तोंडी घालणार नाही.

दगड काढले. तिने मला घडी घालायला सांगितले. मी दोन टोके धरली, तिने छत्रीने मधला भाग सावरला. आधी निम्मी, मग चौपट. चारही कोपरे एकमेकांवर बसले. तिने वाकून कोपऱ्याला कोपरा मिळतो का ते पाहिले. ओठ पुढे आला नाही.

"घडी तं पडनी," अक्का म्हणाली.

ती त्या गोधडीखाली एक पावसाळा आणि हिवाळ्याचे काही दिवस झोपली. मग गेली. तेराव्याला पुतण्याने पेटी, भांडी आणि गोधडी टेम्पोत घालून नेली. छत्री कोणी नेली नाही. ती माझ्याकडे आहे आणि मी ती पावसातच वापरतो.

सभागृहात मी उत्तर न देता खाली का बसलो, हे आता स्पष्ट व्हावे. बोलतो तर अक्काने माझ्या भरवशावर झाकून ठेवलेली गोष्ट उघडी पडते: तिला सुई खाली ठेवावी लागली होती. गप्प राहतो तर माझे टाके तिच्या नावावर जातात. तिने विश्वास ठेवला होता तो माझ्या लाजेवर, आणि ती लाज त्या दिवशी तिच्या अपेक्षेप्रमाणेच वागली. अकरा दिवस मी हा हिशेब उलटसुलट मांडला. ज्या बाईने केसभर लांब टाका स्वतःला माफ केला नाही तिच्या नावावर माझे कालवे फुटलेले मला चालणार नाहीत. ती थांबली होती, हे लोकांना कळले तर कळू दे. ती चुकली होती, असे कोणी म्हणता कामा नये.

ते प्रदर्शन आता धुळ्याला जाणार आहे. मीही जाणार आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या त्या बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर असे आहे की मधल्या नऊ ओळी माझ्या, त्यांतल्या चार वाकड्या, आणि बाकीची सगळी गोधडी अक्काची. विश्वास बसत नसेल तर ती भिंतीवरून उतरवून उलटी करावी. मागच्या बाजूला दोन हात वेगवेगळे दिसतात; कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, ते लहान मूलही बोटाने दाखवील. पाटी फाडावी आणि दुसरी लिहावी. पुतण्याने हवे तर फोटो काढावा.

आणि प्रदर्शन संपल्यावर गोधडीची घडी मला घालू द्यावी. तेवढी मला येते, हे अक्काने मान्य केले होते.